पळस फुलल्यावरचा एक निवांत दिवस : चित्र, बोरू, शाई आणि पिवळं पाणी

माळरान (धागाकर्ता)

फाल्गुन लागला की माळावरचा पळस दुरूनच दिसायला लागतो. एखादी सुट्टी पूर्ण मोकळी मिळाली तर ओंजळभर पळसफुलांवर तीन कामं होतात: जलरंगात फुलाचं चित्र, फुलांचा रंग काढणं, आणि चित्राखाली बोरूने (काडी तासून केलेल्या लेखणीने) चार ओळी. तिन्ही एका दिवसात बसतात, पण क्रम चुकला की एकही धड होत नाही. प्रत्येकात भिजण्याचा नाहीतर वाळण्याचा वेळ आहे आणि तो आपल्या घाईने कमी होत नाही. म्हणून एकाच्या वाळण्यात दुसऱ्याचं काम घालायचं.

आदल्या रात्री तीन गोष्टी भिजत घालायच्या. सुकी पळसफुलं १०० ग्रॅम, २ लिटर पाण्यात (ताजी असतील तर अर्धा किलो). शाईसाठी हिरड्याची जाड भरड ५० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात, वेगळ्या भांड्यात. आणि बोरूची काडी एका उंच पेल्यात. भांडी स्टीलची किंवा इनॅमलची. लोखंडी कढई अजिबात नको. लोखंड लागलं की पळसाचा पिवळा रंग शेवाळी होतो.

सकाळी सातच्या आत झाडाखाली. खाली पडलेलीच फुलं घ्यायची, फांदीला हात लावायचा नाही. वर मैना, बुलबुल, शिंजीर यांची रसासाठी झुंबड असते आणि तीच पाखरं या झाडाचं परागीभवन करतात. चित्रासाठी मात्र ज्याचा देठ-कळ्यांसकट तुरा वाऱ्याने मोडून पडलाय असा एखादा शोधा. सुटं फूल दोनेक तासांत मरगळतं, तुरा ओल्या फडक्यात गुंडाळला तर दुपारपर्यंत टिकतो.

साडेसात ते दहा चित्र. पहिला हात वाळेपर्यंत फुलांचं पाणी मंद आचेवर. दुसरा हात वाळेपर्यंत हिरडा उकळायला आणि बोरू तासायला. जेवून झोप. उन्हं उतरली की लिखाण. आता एकेका कामाबद्दल जाणकारांनी लिहावं.

रंगपेटी

चित्राचं मी घेते. पळसाची बहुतेक चित्रं फसतात ती सपाट भगव्यामुळे. फूल जरा डोळ्याजवळ धरून बघा. पाकळीच्या बाहेरच्या अंगाला बारीक रेशमी लव असते, त्यामुळे भगव्यावर चंदेरी झाक येते आणि रंग चकचकीत न दिसता मऊ दिसतो. पाच पाकळ्या: एक मोठी, मागे वळलेली, दोन बाजूला, आणि खालच्या दोन जुळून झालेली नाव, जी राघूच्या चोचीसारखी वाकते. म्हणून तर संस्कृतात किंशुक, म्हणजे 'हा पोपट आहे की काय'. खालची वाटी गडद, तपकिरीकडे झुकणारी हिरवी, मखमली. ती वाटी जितकी गडद तितकं भगवं पेटतं. चित्राचा निम्मा जोर तिथे आहे.

कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), खरबरीत पोताचा. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली तर ए४ आकाराला ताणायची गरज नाही. पेन्सिल एचबी, हलक्या हाताने. खोडरबर फार घासलात तर कागदाचा पृष्ठभाग उसवतो आणि तिथे रंग डाग धरतो.

पहिला हात: उबदार पिवळा, भरपूर पाण्यात, संपूर्ण पाकळीवर, फक्त वळलेल्या कडेला केसाएवढी कोरी जागा सोडा. ती चंदेरी लव. हा हात ओला असतानाच चोचीच्या बुंध्याशी भगवा टेकवा आणि ब्रश उचला. रंगाला त्याचा तो पसरू द्या, ब्रशने ढकलू नका.

दुसरा हात पूर्ण वाळल्यावर. तळहाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. सावलीला काळा नको. जळका सिएना (तांबूस तपकिरी) आणि त्यात अगदी टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन (गडद निळा). वाटीला सॅप ग्रीन आणि जळका अंबर (गडद तपकिरी), दाट, जवळजवळ कोरड्या ब्रशने. कागदाच्या खरबरीतपणामुळे मखमल आपोआप दिसते.

आणि कृपा करून फुलांबरोबर हिरवीगार पाने काढू नका. पळसाला पाने तीनच हे खरं, पण ऐन बहरात झाड बहुतेक उघडंच असतं. एखादं जुनं, भोकं पडलेलं पान फार तर.

नवशिकी

वा, वाचनखूण साठवली. रंगपेटी, एक शंका. पहिला पिवळा हात देतानाच मध्येच कडक रेघा उमटतात, जणू कोणी बाह्यरेषा काढली आहे. पाणी भरपूर घेऊनही.

रंगपेटी

@नवशिकी, पंखा चालू असेल! शिवाय फाल्गुनात विदर्भ-मराठवाड्यात हवा इतकी कोरडी असते की पाकळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. वाळलेल्या कडेला पुन्हा ओला रंग भिडला की रेघ आलीच.

उपाय तीन. एक, पंखा बंद, आणि उन्हात बसायचं नाही. दोन, कागदाखाली पाटीवर ओला, घट्ट पिळलेला पंचा पसरा; कागद खालून दमट राहतो आणि आठ-दहा मिनिटं जास्त मिळतात. (या पद्धतीत चिकटपट्टी टिकत नाही, चिमटे लावा.) तीन, एका वेळी एकच पाकळी आणि शेजारची सोडून पुढची, म्हणजे दोन ओल्या पाकळ्या एकमेकींत घुसत नाहीत.

मागे निळं आकाश देणार असाल तर फुलं खडखडीत वाळू द्या. भगवा आणि निळा ओल्यात भेटले की तपकिरी चिखल होतो आणि तो पुसता येत नाही.

दौतटाक

बोरूकडे वळतो. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, सरळ, पेर वरच्या टोकाला येईल अशी. नदीकाठच्या बोरूची वाळलेली काडी उत्तम, नसेल तर बारीक बांबूची फांदी. हिरवी काडी नको. ती वाळताना टोक वाकडं होतं.

रात्रभर भिजलेली काडी पुसून घ्या. धारदार चाकूने टोकाकडे तीन-चार सेंटिमीटर लांबीचा उतरता काप. चाकू आपल्यापासून दूर चालवायचा, अंगठा कापाच्या मागे. आतला भेंड खरवडून काढा, नाहीतर तो शाई पिऊन फुगतो. मग दोन्ही बाजूंनी तासून टोक ३ मिलिमीटर रुंद करा. आता चीर: टोकाच्या मध्यावर चाकूची धार टेकवून हलकासा दाब, सेंटिमीटरभर. इथेच बहुतेक बोरू वाया जातात, कारण चीर धावत वर जाते. म्हणून चीर जिथे थांबायला हवी तिथे आधीच तापलेल्या सुईने बारीक भोक पाडून ठेवा. चीर भोकापर्यंत येते आणि थांबते.

शेवटचा काप टोकाचा. काडी काचेवर किंवा जुन्या फरशीवर आडवी ठेवून एका दाबात 'टक्'. दोनदा चाकू चालवला की टोकाला कुसं राहतात आणि अक्षराची कड फाटते. देवनागरीसाठी हा काप तिरपा, आणि रोमन अक्षरांच्या लेखणीला असतो त्याच्या उलट बाजूला. सुलेखनाच्या पुस्तकांतली इंग्रजी आकृती बघून बोरू कापलात तर 'अ' लिहिताना जाडी भलत्याच ठिकाणी येणार.

अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाच-सहापट. म्हणजे ३ मिमीच्या बोरूला दीड ते पावणेदोन सेंटिमीटर. त्याहून लहान लिहिलं की 'ध' आणि 'घ' यांची पोटं भरून जातात.

माळरान

@दौतटाक, शिरोरेषा आधी की नंतर?

दौतटाक

बाळबोधला, म्हणजे नेहमीच्या देवनागरीला, शब्द झाल्यावर. मोडीत उलटं: आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि अक्षरं त्यांना टांगत जायची, हात न उचलता. सरावासाठी मोडीची ही सवय बाळबोधलाही फार उपयोगी आहे. पेन्सिलीने रेघ मारा, अक्षरं टांगा, शेवटी बोरूने शिरोरेषा. ओळ चढत किंवा उतरत नाही.

शाईचा थेंब सांडण्याबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. बोरूला पोट नसतं, त्यामुळे बुडवल्यावर पहिलं अक्षर डबडबतं. दौतीत कापसाचा किंवा रेशमी धाग्यांचा लहानसा बोळा ठेवा आणि बोरू त्याला टेकवून उचला. जुन्या दौतींत तो असायचाच. टीपकागद नसेल तर थांबा, फुंकू नका. पूर्वी ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरवत. जुन्या मोडी कागदांवर तिचे कण आजही चमकताना दिसतात.

काजळमाया

शाई माझ्याकडे. रात्री भिजलेला हिरडा त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास, पाणी साधारण ३०० मिली उरेपर्यंत. सुती कापडातून दोनदा गाळा. कोमट झाल्यावर हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) १५ ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवून घाला. डोळ्यांदेखत पिवळट काढा काळवंडतो. मग बाभळीचा डिंक १० ग्रॅम, आधीच पाण्यात विरघळवून गाळलेला. चार लवंगा बाटलीत, बुरशी लांब राहते.

आतलं कारण असं की हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांची जोडी हवेतल्या ऑक्सिजनने काळी होत जाते. म्हणून लिहिताना अक्षर राखी, फिकट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काळंभोर. फिकट दिसतंय म्हणून त्यावरच पुन्हा गिरवू नका. गिरवलेली ओळ उद्या जाड आणि खडबडीत दिसेल.

हिराकस जास्त घातली तर शाई अधिक काळी होईल हा गैरसमज. जादा लोह आणि आम्ल कागद खातं. वर्षानुवर्षांनी अक्षराच्या जागी भोक पडतं. खडे फिकट हिरवे हवेत. वरून तांबूस पावडर धरलेली हिराकस जुनी झालेली असते, ती गंजासारखा गाळ देते. पोटात गेलं तर विषारी आहे, तेव्हा भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही आणि मुलांच्या हाताशी बाटली नाही.

आणि ही शाई फाउंटन पेनात भरायची नाही. निब गंजते, वाटेत गाळ बसतो. बोरू किंवा टाक, बस्स.

नवशिकी

मग फाउंटन पेनवाल्यांनी काय करायचं? बोरू पहिल्याच दिवशी जमेल असं वाटत नाही.

काजळमाया

तयार शाई घ्यायची आणि मजेत लिहायचं. त्यात कमीपणा काय? कॅम्लिनचा जन्मच मुंबईत १९३१ साली शाईपासून झाला, रंगपेट्या नंतर आल्या. फक्त एवढं बघा की साधी निळी शाई पाण्याने वाहते. चित्र पूर्ण झाल्यावर लिहा, आधी नाही. हिरड्याची शाई वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून ती आधी चालते.

एक खबरदारी दोन्ही कामं करणाऱ्यांना: चित्रात पळसाचं पिवळं पाणी वापरलं असेल तर त्यावर ही शाई नको. लोह आणि पळस भेटले की शेवाळी डाग. माळरान यांनी कढईबद्दल सांगितलं तेच कारण.

हातकागद

सगळे बोलले, कागदाला कोणी विचारलं नाही. :)

जलरंगाचा खरबरीत कागद बोरूला त्रास देतो. टोक पोतावर उड्या मारतं. वेगळ्या हातकागदावर लिहून ती पट्टी चित्राखाली चिकटवणं जास्त बरं. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर या कामाची फार जुनी परंपरा. पण दुकानात 'हँडमेड' म्हणून मिळणारा प्रत्येक कागद लिहिण्याजोगा नसतो. फुलपाकळ्या घातलेला, भेटकार्डांचा कागद शाई टिपकागदासारखा पितो. परीक्षा सोपी: कोपऱ्याला ओलं बोट लावा. डाग लगेच गडद होऊन मागे उतरला तर कागदाला खळ (शाई फुटू न देणारा लेप) नाही. थेंब क्षणभर वर चमकला तर आहे.

खळ नसेल तर घरी द्या. गव्हाचं पीठ नव्हे, गव्हाचं सत्त्व, एक चमचा, पेलाभर पाण्यात, गुठळी न होता शिजवून दुधाएवढं पातळ. रुंद ब्रशने एका बाजूने, वाळल्यावर दुसऱ्या बाजूने. दोरीवर वाळत घाला. जमिनीवर पसरलात तर चिकटतो. पूर्ण वाळला की गुळगुळीत फरशीवर ठेवून कवडीने घोटा, लहान गोल हाताने, चमक येईपर्यंत. घोटलेल्या कागदावर बोरू असा सरकतो की पुन्हा साध्या कागदावर लिहायला नको वाटतं. मोठी कवडी असेल तर ए५ कागदाला पंधरा मिनिटं पुरतात.

खळ जाड झाली तर कागद दुमडताना तडकतो. आणि कसरीला खळ आवडते, तेव्हा असे कागद बंद डब्यात.

माळरान

छान. आता पिवळं पाणी. मूळ धाग्यात मंद आच लिहिलं आहे ते मुद्दाम. खळखळ उकळलं की पिवळा तपकिरीकडे जातो. वाफ निघत राहील, बुडबुडे फुटणार नाहीत, अशा आचेवर अर्धा तास. मग झाकून गार होऊ द्या आणि गाळा. रंगपंचमीला हेच पाणी. दोन दिवसांत आंबतं, म्हणून आधी आठवडाभर करून ठेवू नका.

खेळकर

आमच्याकडे त्यात चुना घालतात, रंग एकदम केशरी होतो. चिमूटभर पुरे.

काजळमाया

@खेळकर, रंगाच्या दृष्टीने बरोबर. पळसातल्या पिवळ्या द्रव्यांना अल्कली लागली की ती केशरी-लालसर होतात. पण चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. खेळायच्या पाण्यात चुना नको, ठाम मत. कापड रंगवायला घाला हवा तर, तेही हातमोजे घालून.

खेळकर

बरं, खेळायला पिवळंच. मान्य.

रंगपेटी

उरलेल्या पाण्याचा ब्रशने लावायचा रंगही होतो, तो कुणी लिहिला नाही. १ लिटर गाळलेलं गरम पाणी घ्या, पण भांडं तिप्पट मोठं. त्यात तुरटी २० ग्रॅम विरघळवा. धुण्याचा सोडा १० ग्रॅम वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने सोडा. जोरात फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक चमच्यानंतर फेस बसू द्या. फेस येणं थांबलं की सोडाही थांबवा, वाटीत उरला तरी. जास्त झाला तर रंग लालसर आणि साका (तळाशी बसणारा रंगाचा गाळ) बुळबुळीत, गाळताच येत नाही.

रात्रभरात पिवळा साका खाली बसतो. वरचं पाणी ओता, नवं घाला, असं तीनदा. क्षार निघून गेले नाहीत तर वाळलेल्या रंगावर पांढरी बुरशीसारखी पूड फुटते. मग कापडावर गाळून सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी जाड काचेवर सपाट बुडाच्या बाटलीने घोटा. डिंकाचं पाणी (एक भाग डिंक, दोन भाग पाणी, दोन थेंब मध) रंगाच्या निम्म्यापासून सुरू करून वाढवत न्या. वाळल्यावर रंग बोटाला लागला तर डिंक कमी, वाटीत तडकला तर मध कमी, आठवड्यानंतरही चिकट राहिला तर मध जास्त.

दूरदेशी

आम्ही लंडनजवळ. इथे मार्चमध्ये पळस कुठला! डॅफोडिल फुलतात. त्यांच्यावर हे जमेल? आणि इथे उलटाच त्रास आहे, कागद वाळतच नाही.

रंगपेटी

डॅफोडिलची कोमेजलेली फुलं तुरटीबरोबर चांगला पिवळा देतात, कृती हीच. देठ मात्र घेऊ नका; त्याच्या चिकाने काहींच्या हाताला पुरळ उठतं. दमट हवेत ओल्या पंच्याची गरजच नाही, उलट तुम्हाला ओल्यात ओला रंग सोडायला निवांत वेळ मिळतो. आकाश आधी करा. पातळ हात द्या, आणि वाळवायला केस वाळवायचं यंत्र हातभर लांबून. जवळ धरलंत तर हवेने रंग एका बाजूला ढकलला जातो.

खेळकर

आणि खायला काय? धाग्यात दिवसभर उपाशी ठेवलंय.

सड्यावरची

कोकणात असाल तर ओले काजूगर, हाच हंगाम. पण सोलणं आणि चित्र एकाच दिवशी असेल तर आधी चित्र. टरफलाचा चीक हाताची कातडी भाजतो आणि त्याचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत. कागदावर बोट टेकलं की संपलं. बिया उभ्या चिरताना हाताला खोबरेल चोपडा. गर काढल्यावर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवले की वरची साल चिमटीत निघते. उसळीला ओलं खोबरं आणि थोडा गूळ, मसाला बेताने. गरम मसाल्याने काजूगराची चव मरते.

दौतटाक

लिहायचं काय यावर एक ओळही नाही, म्हणून. चित्राखाली विशेषणं लिहू नका. 'सुंदर', 'मनमोहक' हे चित्रानेच सांगायचं असतं. तिथी, वेळ, जागा, झाडाची दिशा, त्या वेळी झाडावर कोण होतं, किती कळ्या उघडायच्या होत्या. 'फाल्गुन शुद्ध दशमी, सकाळी ७.१०. विहिरीजवळचा पळस, पूर्वेची फांदी. तीन मैना, एक खार. चौदा कळ्या मिटलेल्या.' एवढ्या मजकुराला ३ मिमीच्या बोरूने ए५ आडव्या कागदावर सहा-सात ओळी लागतात. आधी पेन्सिलीने मोजून घ्या, नाहीतर 'मिटलेल्या'ला जागा उरत नाही.

नवशिकी

हे उत्तम. शेवटचा प्रश्न: पळसाच्या रंगाने केलेलं चित्र भिंतीवर लावता येईल का?

रंगपेटी

नाही. फुलांचे बहुतेक रंग उजेडाला टिकत नाहीत, हाही नाही. खात्री हवी तर रंगाची एक पट्टी काढा, अर्धी काळ्या पुठ्ठ्याने झाका, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा आणि पाडव्यानंतर पुठ्ठा उचला. वहीत मिटून ठेवलेलं चित्र मात्र पुष्कळ टिकतं. वहीच्या दोन पानांत टीपकागद घाला. डिंकाचा रंग पावसाळ्यात समोरच्या पानाला चिकटतो.